असईच्या शिपायाच्या अंगावर काय होतं?

गेल्या पावसाळ्यात मंडळाची पोरं घरी आली. म्हणाली, दादा, २३ सप्टेंबरला असईच्या लढाईचा जिवंत देखावा करायचाय, तुम्ही इतिहासाचं लिहिता, तर कपड्यांचं बघा. मी हो म्हणालो. दोन संध्याकाळचं काम असेल असं वाटलं होतं, त्यात पाच महिने गेले. त्याचाच हा हिशेब. पोस्ट लांब झालीय, चहा घेऊन बसा.

पोरांनी एक यादी आणली होती. भगवी पागोटी, ढाल, तलवार, अंगरखा, कमरेला शेला, सगळं भाड्याने मिळणारं. "आपल्या बाजूला" एवढं, आणि "इंग्रजांच्या बाजूला" चार गोरी दिसणारी पोरं. मी विचारलं, असईत समोरासमोर उभे राहून कोण लढलं ते माहितीय का? सगळे गप्प.

१८०३ साली केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसल्यांची फौज उभी होती. घोडदळ आपलं मराठी, पण ते बाजूला राहिलं. लढाईचा खरा मार बसला तो शिंद्यांच्या कवायती पायदळाला. महादजींनी डी बॉयनकडून उभं करून घेतलेल्या कंपूंचा हा पुढचा अवतार. असईत त्यांचा म्होरक्या होता पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. बेगम समरूच्या पलटणीही होत्या. या कंपूंमधला साधा शिपाई बहुतेक अवध, दुआब, रोहिलखंडाकडचा. त्यांना तेलंगे म्हणत, कारण कंपनीने मद्रासकडे कवायत शिकवलेले पहिले शिपाई तेलंगी मुलखातले होते. ते नावच पुढे सगळ्या कवायती शिपायांना चिकटलं.

आणि समोर? आर्थर वेलस्लीकडे दोन गोऱ्या पायदळ पलटणी आणि थोडं गोरं घोडदळ. बाकी बहुतेक मद्रासी शिपाई. म्हणजे जालना जिल्ह्यातल्या शेतात अवधचा माणूस तेलुगू-तमिळ माणसावर गोळी झाडत होता. पोरांचे चेहरे पडले. एक जण म्हणाला, "मग आपण कोण व्हायचं?"

आम्ही ठरवलं की दोनच पूर्ण वेश करायचे, एक कंपनीचा मद्रासी शिपाई आणि एक शिंद्यांचा तेलंगा. पण खरे. बाकीच्यांनी साध्या कपड्यात मागे उभं राहायचं.

पहिली अडचण कापडाची. कोट लाल, हे सगळ्यांना माहीत. पण कोणता लाल? भाड्याच्या दुकानातलं चकचकीत सॅटिन म्हणजे लग्नातला बँडवाला. तेव्हा रासायनिक रंग नव्हतेच, ते १८५६ नंतरचे. इंग्रजी फौजेत साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या मुळाने रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा. भडक किरमिजी लाल साहेबांचा, किड्यापासून काढलेला आणि महाग. कापड जाड लोकरीची बनात, विलायतेहून जहाजाने आलेली. मराठवाड्याच्या सप्टेंबरात लोकरीचा कोट! संभाजीनगरात तीन दुकानं फिरून विटकरी रंगाचं जाड लोकरी कापड मिळालं. आमच्या शिंपीमामांना सांगितलं, मशीन नाही, हातशिलाई. ते म्हणाले, "आतली शिवण कोण बघणार?" मी म्हणालो, १८०३ ला मशीन नव्हती मामा. त्यांनी आतून मशीन मारली आणि बाहेरून हाताने टाके घातले. मला हे दोन महिन्यांनी कळलं. असो.

बटणांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कथिलाची बटणं हवी होती. बाजारात प्लॅस्टिकवर मुलामा दिलेली. शेवटी आठवडी बाजारातल्या कल्हईवाल्याकडे गेलो. कथील तर त्याचं रोजचंच. त्याने वाळूत साचा दाबून चोवीस बटणं ओतून दिली, त्यातली सहा वाकडी. तीही लावली.

खाली काय घालायचं यावरून सर्वांत जास्त वाद झाला. त्या काळाच्या आसपासच्या चित्रांत देशी शिपाई वर साहेबी कोट आणि खाली गुडघ्याच्या वरचा जांघिया असाच दिसतो. पुढे हळूहळू विजार आली. पायात चपला, नाहीतर अनवाणी. पोरं हसायला लागली. कोट आणि चड्डी? लोक हसतील, दादा. मी म्हणालो, हसू देत.

बंदुकीचं आधी स्पष्ट सांगतो, कारण कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. उडणारी बंदूक, मग ती ठासणीची का असेना, परवान्याशिवाय ठेवता येत नाही. आम्ही सुताराकडून लाकडी करून घेतली, आत लोखंडी सळई घालून वजन आणलं आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवलं. नमुना धरला 'इंडिया पॅटर्न'चा. गंमत बघा, ही चकमकीची बंदूक ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी करून घेतलेली. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर विलायतेत बंदुका कमी पडल्या, तेव्हा खुद्द इंग्रज सरकारने कंपनीच्या त्याच बंदुका उचलल्या आणि पुढे तोच नमुना सगळ्या फौजेला दिला. नळी ३९ इंच, वजन साडेचार किलोच्या आसपास. चापावर कंपनीची खूण असते. १८०८ पर्यंत बदामाच्या आकाराची, नंतर सिंहाची. सुताराने नेटवरचा फोटो बघून सिंह कोरला होता. तासून काढायला लावला.

मग काडतुसांची पेटी. चामड्याच्या पेटीत लाकडी ठोकळा, ठोकळ्याला भोकं, प्रत्येक भोकात कागदी काडतूस. काडतूस दाताने फाडायचं, चिमूटभर दारू कानाजवळच्या खोबणीत, उरलेली नळीत, मग गोळी आणि कागद, गजाने ठासायचं. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. म्हणून समोरचे दात शाबूत असणं ही शिपायाची पात्रताच होती. दारूतल्या सोऱ्याने तोंड कोरडं पडायचं. (काडतूस म्हटलं की सगळ्यांना १८५७ ची चरबी आठवते. ती रायफलची भानगड, पन्नास वर्षं पुढची.)

सगळं एका मुलाच्या अंगावर चढवलं आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोललं. बंदूक, संगीन, साठ काडतुसांचं वजन, पेटी, पट्टे, पाण्याचं भांडं मिळून साडेनऊ किलो. पाठीवरची पिशवी घ्यायची का? नाही. वेलस्लीने सगळं सामान नळणीत पहाऱ्याखाली ठेवलं होतं. त्या दिवशी फौज सकाळी १४ मैल चालून नळणीला आली, तिथे शत्रू सहा मैलांवर असल्याचं कळलं, आणि तशीच पुढे निघाली. म्हणजे तीसेक किलोमीटर चालून मग लढाई.

आम्ही एका रविवारी नळणीहून असईकडे निघालो. वेश दोघांच्या अंगावर, मी मोटारसायकलवर मागे. आदल्या रात्री पाऊस झालेला. काळ्या मातीचा चिखल चपलेला धरायचा, तेव्हा पहिल्या दोन किलोमीटरमध्येच दोघांनी चपला काढून हातात घेतल्या. अनवाणी का चालत असतील, ते मला चित्र बघून नव्हतं कळलं. तिथे कळलं. चौथ्या किलोमीटरला लोकर घामाने भिजून जड झाली, पट्टे खांद्याला काचायला लागले. एका शेतातल्या मावशींनी पाणी दिलं आणि विचारलं, "बाबांनो, कसलं सोंग?"

दोन्ही वेश शेजारी उभे केले तेव्हा मला जे दिसलं ते सांगायलाच ही पोस्ट आहे. शिंद्यांच्या तेलंग्यांची जी वर्णनं मिळतात, त्यांतही लाल डगला आहे, निळी पगडी आणि काळे चामडी पट्टे. कंपनीच्या शिपायाचे पट्टे पांढरी माती चोळून पांढरे केलेले. पन्नास पावलांवरून बघितलं तर फरक एवढाच, पट्टा काळा की पांढरा.

आणि पांढऱ्या पट्ट्याचा माणूस कंपनीचा लाडका होता असंही नाही. वेशातल्या बऱ्याच वस्तूंचे पैसे त्याच्याच पगारातून कापले जायचे. असईनंतर तीन वर्षांत मद्रास फौजेला नवा हुकूम आला. हॅटसारखी दिसणारी, चामड्याचा तुरा लावलेली नवी पगडी घाला, हनुवटी तासा, कपाळावर गंध नको, कानात बाळी नको. १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले आणि शंभरावर गोरे सैनिक मारले. ते मोडायला अर्काटहून जे घोडदळ धावलं त्यात १९ वी लाइट ड्रॅगून्स होती, तीच, जी असईत याच मद्रासी शिपायांच्या बाजूने लढली होती. शेकडो शिपाई मेले. मग हुकूम मागे घेतला.

असईत कंपनीचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी. पडलेल्या साहेबांची नावं मिळतात, शिपायांचे आकडे. मराठ्यांकडचे सुमारे १२०० मृतदेह रणात होते, असं वेलस्लीनेच लिहिलंय. त्यांचा तर नीट आकडाही नाही.

देखावा झाला. जांघियाला लोक हसले, दोन मिनिटं. पण पांढऱ्या पट्ट्याचा वेश कुणी घालायला तयार नव्हतं. "गद्दार म्हणतील." शेवटी माझा भाचा उभा राहिला. त्याला खरंच एक-दोघांनी तसं म्हटलं. घरी आल्यावर त्याने विचारलं, "मामा, मी काय चुकीचं केलं?" मी नाही म्हणालो. पण माईक हातात असताना मी हे सगळं लोकांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, वेळ संपला म्हणून बसलो. चूक माझी.

दोन्ही वेश घरी पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेत. या २३ सप्टेंबरला पुन्हा बाहेर काढायचेत आणि या वेळी आधी मी बोलणार आहे. दोन गोष्टी हव्यात. पगडी बांधून देणारं कुणी जुनं माणूस माहीत असेल तर कळवा, आमची दरवेळी सुटते. आणि असई-पिंपळगावकडे कुणाच्या शेतात नांगरताना शिशाची गोळी सापडली असेल तर भंगारात देऊ नका. फोटो काढा, कोणत्या बांधाजवळ सापडली ते लिहून ठेवा आणि मला मेसेज करा.