नम्रता कोणापुढे?

गुरुवार पेठेला पूर्वी वेताळ पेठ म्हणत. त्या पेठेतील पंचहौद मिशन पुणेकरांच्या स्मरणात आहे ते १८९० सालच्या चहामुळे. रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी तेथे व्याख्यानाला गेली, पुढे चहाबिस्किटे आली, कोणी ती घेतली, कोणी नुसती हाताळली, आणि मग ग्रामण्य, प्रायश्चित्त, वृत्तपत्रांतील धुळवड असे सारे यथासांग घडले. त्या चहावर इतके लिहिले गेले आहे की आम्ही त्यात आणखी साखर घालू इच्छीत नाही. आम्हांला त्या आवाराशी जोडलेल्या दोन माणसांविषयी बोलायचे आहे. दोघेही चित्पावन, दोघेही संस्कृताचे पंडित, दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आणि ख्रिस्ती माणसाने नम्र असावे म्हणजे नेमके काय करावे, या प्रश्नाला दोघांच्या आयुष्याने निरनिराळी उत्तरे दिली.

पहिले नीलकंठशास्त्री गोरे. १८२५ साली झाशीजवळ जन्म, काशीत शिक्षण. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि ज्याचे खंडन करायचे त्याचाच अभ्यास करता करता १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. महाराजा दुलीपसिंहाबरोबर ते इंग्लंडलाही जाऊन आले. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिणारा हा वादपटू १८७६ साली काउलीच्या संन्यस्त संघात दाखल झाला, पण आयुष्यभराची व्रते त्याने कधीच घेतली नाहीत. अखेरपर्यंत हा विद्वान नवशिक्याच्या पायरीवरच राहिला. ज्याला षड्दर्शनांशी झुंजताना भीती वाटली नाही, तो स्वतःच्या पात्रतेविषयी मात्र सदैव साशंक. या स्वभावाला कोणी दुर्बलता म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, कारण याच मृदू माणसाच्या पत्रांनी एका अत्यंत करारी स्त्रीचे मन वळवले.

ती दुसरी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वैधव्यानंतर १८८२ साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, आणि पुण्यातील वाँटेजच्या भगिनींच्या ओळखीने १८८३ साली इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी व लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आपल्या या निर्णयाचे मोठे श्रेय त्या गोऱ्यांना देत. आणि गोऱ्यांच्या युक्तिवादाइतकीच त्यांच्या वाणीतली नम्रता आपल्याला भिडली, असे त्यांचे सांगणे होते.

येथवर कथा सरळ आहे. गुंता होतो तो पुढे. रमाबाईंच्या धर्ममाता भगिनी जेराल्डीन या मठात घडलेल्या होत्या. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि वरिष्ठाच्या आज्ञेत राहणे हा त्या साऱ्या चढणीचा कणा आहे. या परंपरेत वाढलेल्या स्त्रीला आपल्या धर्मकन्येचे प्रत्येक ‘का?’ अहंकाराचे चिन्ह वाटले, यात नवल नाही. ट्रिनिटीच्या सिद्धांताविषयी रमाबाई शंका काढीत. जेराल्डीनना तो उद्धटपणा वाटे. रमाबाई मांसाहार करीत नसत. त्याला जातीचा अभिमान ठरवण्यात आले. रमाबाईंचे त्यावरचे उत्तर मुळातूनच वाचावे असे आहे. जातीचे सारे संस्कार आपल्यातून गेलेले नाहीत, हे त्यांनी आधी मोकळेपणाने मान्य केले. मग विचारले, की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि कोणालाही उपद्रव न देणाऱ्या आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? हवे तर माझा अहंकार पुडिंगात शोधा, असा चिमटाही त्यांनी काढला.

क्रुसाचे प्रकरण असेच. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा रमाबाईंचा सवाल होता. लॅटिन त्यांना येत नव्हते आणि त्यांच्या देशभगिनींनाही येत नव्हते. गंमत अशी की नम्रतेसाठी जो लॅटिन शब्द आहे तो ‘माती’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. माती कोणत्या देशाची, हे व्युत्पत्ती सांगत नाही.

१८८५ साली चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात हजारो पुरुषांसमोर पुराण सांगितलेल्या स्त्रीला हे ऐकावे लागले. पुरोहितवर्गाच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलो ते दुसऱ्या जोखडाखाली मान घालण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांनी कळवून टाकले. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे: ही सारी कडवट पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण स्वतः जेराल्डीननीच ती जपली व संकलित केली. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती मुंबईत प्रसिद्ध झाली. आपल्याविरुद्धचा पुरावा इतक्या काळजीने सांभाळणाऱ्या बाईला केवळ हेकेखोर म्हणून मोडीत काढणे आमच्याने होत नाही.

पण वाँटेजला दोष देऊन पुण्याने समाधान मानू नये. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी, त्या चहाच्या मागोमाग, पुण्यात आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची भीती सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. त्या दारातून काही मुली खरोखरच ख्रिस्ती धर्मात गेल्या. परंतु भाषा पाहावी: बाईंनी ऐकायला हवे होते, नमते घ्यायला हवे होते. बिशपांचा सूर आणि पेठांचा सूर इतका जुळलेला एरवी सापडणार नाही. दार मात्र उघडेच राहिले.

मग रमाबाई नम्र नव्हत्या काय? याचे उत्तर केडगावला शोधावे लागते. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. स्वतःचे आईबाप दुष्काळातच गमावलेल्या रमाबाईंना त्या मुलींची भूक नवी नव्हती. तेथे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, त्यातले शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ सोबत घेऊन येतात आणि अशिक्षित बाईला ते कळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. क्रुसावर संस्कृत मागणारी हीच बाई! पण विसंगती वरवरची आहे. तेथे मागणी होती आपल्या माणसांना कळण्याची. येथेही तीच होती. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या, ‘सरस्वती’ पदवी मिळालेल्या पंडितेने आपली सगळ्यात मोठी मिळकत बाजूला ठेवली आणि कालपरवा अक्षरे गिरवू लागलेल्या मुलीला वाचता येईल अशा मराठीत लिहिणे पत्करले. हे तिला कोणी बिशपाने सांगितले नव्हते, पेठेतल्या शास्त्र्यांनीही नाही. वाङ्मयीन दृष्ट्या ते भाषांतर सर्वत्र सरस आहे असा आमचा दावा नाही. साधेपणाच्या हट्टापायी ते काही ठिकाणी खडबडीत होते.

छपाईही केडगावलाच, मुक्ती सदनाच्या छापखान्यात झाली. खिळे जुळवणाऱ्या बायका तिथल्याच होत्या. १९२१च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा मुद्रिते तपासून होत आली होती. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.