त्रिशूळ आणि हातोडी

इटलीतील मोडेना शहरच्या मासेराती कारखान्याने १९५७ साली ‘३५०० जीटी’ ही वेगवान मोटार बाहेर काढली. आज ती पूर्ववत करावयाची म्हणजे काय, ते पाहू.

तिचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा. वर ॲल्युमिनियमचा पत्रा. ओलाव्यात हे दोन धातू भिडले की पत्रा कुजतो. तो उकलून नळ्या बदलाव्या लागतात, नवा पत्रा ठोकून घडवावा लागतो. ही बॉडी बांधणारा मिलानचा टूरिंग कारखाना १९६६ साली बंद पडला. सुट्या भागांसाठी तर देशोदेशी हिंडावे लागते : ब्रेक इंग्लंडच्या गर्लिंगचे, गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफचा, कार्ब्युरेटर बोलोन्याच्या वेबरचे. इटालियन म्हणून मिरवणारी ही गाडी अनेक देशांच्या कामगारांनी घडविली आहे.

तिच्या जन्मगावाची आणखी एक आठवण आहे. मासेरातीचे मालक ओर्सी यांचीच मोडेनात एक ओतशाळा होती. तेथील टाळेबंदीविरुद्ध निदर्शने करणाऱ्या कामगारांवर ९ जानेवारी १९५० रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सहा जण ठार झाले.

गाडीच्या तोंडावर मासेरातीचा त्रिशूळ झळकतो. हातोडी चालविणाऱ्याचे नाव कोठेच नाही. जुनी गाडी जपणाऱ्यांनी हा इतिहासही जपावा, एवढेच आमचे मागणे आहे.