दांडीच्या पोटातली सळई

दिवाळीच्या फराळाबरोबर एका वाकलेल्या लाकडाची गोष्ट सांगायला बसलो आहे. वाचकांनी हसावे, पण ऐकावी.

माझ्या मुलीचा हात लहान. बाजारच्या गिटारीची दांडी तिच्या मुठीत मावेना, म्हणून मी स्वतःच तिच्यासाठी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. दांडी तासून तासून 18 मिलिमीटरवर आणली. लाकूड मेपलचे, चांगले टणक. आत लोखंड कशाला, असे वाटले. तारा चढवल्या आणि तीन आठवड्यांत दांडी धनुष्यासारखी वाकली. तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या की दाबताना पोरीची बोटे सोलवटली. ती काही बोलली नाही. गिटार कोपऱ्यात ठेवून अभ्यासाला बसली. ते न बोलणेच मला फार लागले.

मग जुना इतिहास चाळला, तेव्हा कळले की ही चूक माझ्याआधी मोठ्यामोठ्यांनी केली आहे.

इलेक्ट्रिक गिटारीच्या सहा पोलादी तारांचा ताण सुमारे 45 किलो भरतो, आणि तो दांडी रात्रंदिवस सोसते. म्हणून जुने कारागीर दांडी जाडजूड ठेवीत. अमेरिकेत कॅलामाझू येथे गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी यावर तोड काढली. दांडीच्या पोटात पोलादी सळई घालायची आणि टोकाचा नट आवळून ताण सावरायचा. 1921 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. 1923 साली ते मिळाले. दांडी बारीक करण्याची वाट मोकळी झाली. मार्टिन कंपनीने 1934 साली दांडीत पोलादी पट्टी घातली खरी, पण ती नुसते बळ देई. आवळता येत नसे.

पुढे 1950 साली कॅलिफोर्नियात फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाच्या गिटारी काढल्या. मूळचे ते रेडिओ दुरुस्त करणारे. एवढ्या कठीण मेपलला सळई कशाला, हा माझाच विचार त्यांचाही होता! दांड्या वाकू लागल्या, आणि वर्ष संपायच्या आत त्यांनी सळई स्वीकारली. दांडी एकसंध असल्याने खाच पाठीमागून खणावी लागे. ती अक्रोडाच्या पट्टीने बुजवीत. त्या दांडीमागची काळपट रेघ शोभेची नव्हे.

खाचेतली सळई मध्यावर दांडीच्या पाठीकडे झुकलेली असते. नट आवळला की सळई सरळ होऊ पाहते आणि खचलेला मध्य तारांकडे उचलते.

आता माझा हिशेब पाहा. वरची पट्टी 6 मिलिमीटर, सळईची खाच 9. 18 मधून मागे उरतात फक्त 3. म्हणून दुसरी दांडी मी 20 मिलिमीटरची ठेवली, पण कडा गोलसर तासल्या, म्हणजे मुठीला ती बारीकच वाटावी. सळईच्या दोन्ही अंगांना कार्बन फायबरच्या काड्या चिकटवल्या. काड्या ताठपणा देतात; चुकले तर सुधारायची सोय सळई ठेवते.

पावसाळ्यात लाकूड जरा हललेच. तारा उंच झाल्याचे माझ्याआधी मुलीला कळले.

“बाबा, किल्ली द्या,” ती म्हणाली, आणि पाव फेरा तिनेच फिरवला.