पादुका पाण्याखाली असताना

ईश्वर चराचरात भरला आहे, तर नृसिंहवाडीलाच कशाला जायचे? ‘गुरुचरित्रा’च्या १९व्या अध्यायात योगिनींची तक्रार नेमकी उलटी आहे. बारा वर्षे राहून नृसिंहसरस्वती गाणगापुरास निघाले, आता आमचे काय? आपण इथे औदुंबरी, पादुकांत आहोतच, असे आश्वासन त्यांना मिळते. जाणारा मागे राहतोही. माझ्या मते वाडीच्या उपासनेचा पाया हाच. गाभाऱ्यात पूजा होते ती ‘मनोहर पादुकां’ची.

अभ्यासक याला अद्वैत म्हणून मोकळे होतात. मला पावसाळ्यातला रिवाज अधिक बोलका वाटतो. कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढले की उत्सवमूर्ती उंचावर हलवतात. पादुका मात्र जागीच. पाणी त्यांच्यावरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते आणि लोक त्यात स्नान करतात. मूर्ती जपायची, पादुका बुडू द्यायच्या, गढूळ पाण्याला तीर्थ मानायचे. यात विसंगती आहे, असे तिथे कुणाला वाटत नाही; मलाही आता वाटत नाही.

पण २०१९ च्या महापुरात त्याच पाण्याने गावातली घरे बुडवली. पादुकांवरून आलेले पाणी तीर्थ, मग उंबऱ्यावरून आत शिरलेले कोण? चराचरात देव पाहणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.