दुरुस्ती आणि दस्तुरी

'दस्तुरी' हा शब्द हल्ली बोलण्यातून जवळजवळ गेलाच. परळ-लालबागमध्ये ज्यांचे आजोबा गिरणीत होते त्यांनी कदाचित ऐकला असेल. गिरणीत जॉबर नावाचा माणूस असायचा. नवीन कामगाराला चिकटवायचं असो, नाहीतर गावाहून परतलेल्याला पुन्हा कामावर घ्यायचं असो, त्याच्या हातावर काहीतरी टेकवावं लागायचं. ती दस्तुरी. पावती नाही, नियम नाही, पण द्यावी लागते हे सगळ्यांना ठाऊक!

सध्या जगभर 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्काबद्दल बरंच बोललं जातंय. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्याला हवी तिथून, हव्या त्या माणसाकडून दुरुस्त करून घेता यावी, एवढी साधी मागणी. त्याबद्दल वाचताना मला सारखा हा जॉबर आठवत होता. कारण तो नुसता माणसं भरणारा मुकादम नव्हता. विणाईच्या खात्यात यंत्रं लावून देणाराही तोच होता.

साचा कुणाचा?

गिरणीच्या भाषेत माग म्हणजे साचा, आणि तो चालवणारा साचेवाला. साचेवाल्याला पगार कापडावर, जेवढं विणलं तेवढे पैसे. साचा बंद पडला की कमाई बंद. आणि बिघडलेला साचा पुन्हा लावून द्यायचं काम लाइन जॉबरचं. म्हणजे आधी कुणाचा साचा बघायचा आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे त्याच्या मर्जीवर.

आता बघा, कागदोपत्री साचा गिरणीच्या शेअरहोल्डरांचा. बनवला लँकेशायरमध्ये. राबतो त्यावर कोकणातला किंवा घाटावरचा माणूस. पण ताबा? ज्याच्या हातात पाना, त्याचा.

जॉबरला सरसकट खलनायक करायचं कारण नाही. तो बहुतेकदा गाववाला असायचा, अडीनडीला पैसे द्यायचा, कधी संपात कामगारांच्या बाजूनेही उभा राहायचा. पण काम मिळवून देणं आणि यंत्र चालू करून देणं ही दोन्ही दारं एकाच माणसाच्या हातात होती. दुसऱ्याकडे जायची सोय नसली की दस्तुरी आपोआप सुरू होते, त्यासाठी माणूस वाईट असावा लागत नाही.

ती मोडली कशी? नुसत्या उपदेशाने नाही. १९३१ साली व्हिटली कमिशनने (हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारा रॉयल कमिशन) जॉबरच्या सत्तेवर कडक टीका केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवायची पद्धत आणली, म्हणजे बदलीवर कुणाला घ्यायचं हे फक्त जॉबरच्या मनावर राहू नये. दस्तुरी एका रात्रीत संपली नाही, पण जॉबरच्या हातातलं एक दार तरी नियमाखाली आलं.

जॉबरच्या वरचा जॉबर

ही झाली गिरणीच्या आतली गोष्ट. पण खुद्द गिरणीमालकही कुणाच्या तरी हाताखाली होताच. कापडाची यंत्रं ब्रिटनबाहेर पाठवायला १८४३ पर्यंत कायद्याने बंदी होती. कुशल कारागिरांनी देश सोडून जाण्यावरही १८२४ पर्यंत बंदी होती. यंत्र आणि ते समजणारं डोकं, दोन्ही कुलपात! बंदी उठल्यावर अकराच वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईच्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. यंत्रं विलायतेची, ती बसवणारे आणि सांभाळणारे तंत्रज्ञही तिकडचेच.

यंत्र विकत घेता आलं, पण ज्ञान त्याच्यासोबत पेटीत येत नव्हतं. म्हणून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं व्हीजेटीआय, स्थापन झालं. आज ते माटुंग्याला आहे (१९२३ पासून), पण सुरुवात भायखळ्याला झाली, गिरण्यांच्या शेजारी. सुरुवातीच्या विषयांत यंत्रशास्त्र आणि कापडउद्योग होते, ते काही योगायोगाने नाही.

हीच गोष्ट रेल्वेची. जी.आय.पी. रेल्वेने १८७९ मध्ये आपलं वर्कशॉप भायखळ्याहून परळला आणलं. इंजिनं यायची ब्रिटनहून बोटीने. पण बॉयलर गळायला लागला म्हणून इंजिन परत मँचेस्टरला धाडणं शक्य आहे का? ते इथेच उघडायचं, जुळवायचं, लागेल तो भाग इथेच घडवायचा. शिवाय प्रत्येक कारखान्याची इंजिनं वेगळी, त्यांचे भाग वेगळे. त्यामुळे १९०३ पासून हिंदुस्थानातल्या रेल्वेसाठी इंजिनांचे ठरावीक नमुने निश्चित होऊ लागले. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टँडर्ड आलं. ते दुरुस्ती करणाऱ्याच्या फायद्याचं होतं.

म्हणजे साहेबाने दुरुस्ती आपल्याला दिली, नाइलाजाने का होईना. निर्मिती मात्र दिली नाही. अजमेरच्या वर्कशॉपने १८९५ मध्ये आख्खं इंजिन बांधून दाखवलं, जमालपूरने १८९९ मध्ये. पण ढोबळ हिशोब सांगतो की १९४०च्या आसपासपर्यंत ब्रिटनहून सुमारे १२,००० इंजिनं आली आणि इथे बांधली गेली जेमतेम ७००. चित्तरंजनचा कारखाना उभा राहायला १९५० उजाडलं.

तरीही एक गोष्ट विसरू नये. उघडता येणारी वस्तू शिकवते. माथेरानच्या छोट्या गाडीची काही डिझेल इंजिनं पुढे परळच्याच वर्कशॉपने बांधली. दुसऱ्याची इंजिनं उघडून जुळवण्यात ज्या जागेच्या पिढ्या गेल्या, तिथेच हे घडलं.

आपल्या धंद्यातलं उदाहरण

कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळात आयबीएम मशीन विकायचीच नाही, भाड्याने द्यायची. मशीन तुमच्या ऑफिसात, पण उघडायची ती त्यांच्याच माणसाने. १९५६ मध्ये अमेरिकेत सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीला मशीन विकणं भाग पडलं, आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग आणि माहिती देणंही. दुरुस्तीच्या हक्काची मागणी किती जुनी आहे बघा!

भारतात परकीय मालकीच्या मर्यादेवरून वाद झाला आणि १९७८ मध्ये आयबीएमने गाशा गुंडाळला. मशीन्स मात्र इथेच राहिल्या. त्या चालू ठेवायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीने उचललं. तिच्या नावातच 'मेंटेनन्स' होता: कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. आयबीएमकडे शिकलेले कितीतरी इंजिनीअर तिकडे गेले आणि कंपनी गेली तरी मशीन्स चालत राहिल्या. (हीच सीएमसी पुढे टाटांकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली.)

आज एखादी कंपनी आपला सर्व्हर बंद करते तेव्हा तुमच्या घरातल्या 'स्मार्ट' वस्तूचं काय होतं, याच्याशी ताडून बघा. वस्तू धडधाकट असते, पण मुकी होते. आणि सीएमसी बोलवावी तर उघडण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं.

पाना आता सॉफ्टवेअरचा

२०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने भारतातल्या १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. मुद्दा काय, तर सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुली करत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात आणि कोर्टात गेलं, पण प्रश्न सरकारी कागदावर आला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे विषय घेतले, आणि डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. पोर्टलवर माहिती मिळते, हक्क मात्र कायद्याने मिळतो. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये तसा कायदा केला, आणि दुरुस्तीत मुद्दाम सॉफ्टवेअरचे अडथळे घालण्यालाही त्यात आळा घातला.

कारण खरी मेख तिथेच आहे. काही फोनमध्ये दुसऱ्या अगदी तशाच फोनचा अस्सल स्क्रीन बसवला तरी फोन कुरकुरतो. भाग बरोबर, कारागीर हुशार, पण कंपनीच्या सॉफ्टवेअरने 'हो' म्हटलेलं नसतं. त्या 'हो'चे पैसे घेतात, ती आजची दस्तुरी. फरक एवढाच की हिची पावती मिळते, जीएसटीसकट.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बनावट बॅटरी पेट घेऊ शकते, चोरीच्या फोनचे भाग बाजारात फिरतात. पण 'हा भाग अस्सल नाही' असं मालकाला सांगणं वेगळं आणि मालकालाच अडवणं वेगळं. पहिली सूचना आहे, दुसरी मालकी.

आता आपल्याबद्दल. आपल्यातले बरेच जण लोअर परळला ज्या इमारतींत बसून कोड लिहितात, त्या गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या आहेत. १९८२च्या संपानंतर साचे भंगारात गेले, भोंगे थांबले आणि काचेच्या भिंती आल्या. पण जॉबरची जागा रिकामी राहिलेली नाही. भागाचा नंबर तपासून 'चालू दे' किंवा 'थांबव' ठरवणारी ती 'इफ'ची ओळ कुणीतरी इंजिनीअरच लिहितो. तेव्हा पुढच्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये एक प्रश्न विचारायला हरकत नाही: आपली कंपनी उद्या गेली, तर ही वस्तू कोण उघडू शकेल?

उत्तर 'कुणीच नाही' असेल, तर आपण वस्तू विकतोय असं म्हणू नये. ती भाड्याने देतोय म्हणावं, आणि दस्तुरीही घेतोय.