तळटीप : 'दामूअण्णा'

१. उमरखेडच्या आठवणींत लेखक नुसतेच 'दामूअण्णा' म्हणतात. त्या काळच्या वाचकाला तेवढे पुरे होते; आज घोटाळा होतो, कारण बालमोहन नाटक मंडळीचे चालकही दामूअण्णाच, पण ते जोशी. इथे अभिप्रेत आहेत ते दामूअण्णा मालवणकर (१८९३–१९७५). रंगभूमीवर मुरलेला हा विनोदी नट मास्टर विनायकांच्या बोलपटांमुळे पैनगंगेकाठच्या गावांपर्यंत ठाऊक झाला. अत्र्यांनी लिहिलेल्या 'ब्रह्मचारी'त (१९३८) ते होते. 'ब्रँडीची बाटली'त (१९३९) तर नायकच. ब्रँडी म्हणजे काय हेही ठाऊक नसलेला भाबडा कारकून तिच्या शोधात गावभर फिरतो, एवढ्याशा गोष्टीवर सगळा चित्रपट त्यांनी तोलला आहे. 'लग्न पहावे करून'मध्ये (१९४०) चिं. वि. जोशींचा चिमणराव त्यांनी केला. गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. चिमणराव म्हटले की नंतरच्या पिढीला दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात, पण पडद्यावरचा पहिला मान दामूअण्णांचा. लेखक ज्या 'तिरप्या नजरे'चा उल्लेख करतात ती नक्कल नव्हे. दामूअण्णांचे डोळे खरोखरच तिरळे होते, आणि त्या व्यंगाचे त्यांनी भांडवल केले.