‘अमृतसिद्धी’ आणि गंधर्व नाटक मंडळीचा अखेरचा कालखंड

नाट्यसंस्थेच्या अंताची मीमांसा करताना सर्व भार बाह्य कारणांवर टाकण्याची प्रवृत्ती मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात वारंवार आढळते. गंधर्व नाटक मंडळी बोलपटाने बुडविली, हे विधान याच प्रवृत्तीचे फलित होय. मंडळी मोडण्यापूर्वी रंगभूमीवर आलेल्या ‘अमृतसिद्धी’ (१९३३) या नाटकाचा विचार केला असता ते अपुरे ठरते.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचे गायनाचे प्रारंभीचे शिक्षण जळगाव येथे महेबूबखाँ यांच्याकडे झाले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी स्वतंत्र मंडळी काढली. टेंबे यांची संगीतदृष्टी, बोडसांचा गद्य अभिनय आणि बालगंधर्वांचा स्त्रीभूमिकेतील गळा, अशा तीन भिन्न गुणांवर ती उभी होती. टेंबे १९१५ मध्येच दूर झाले. ‘स्वयंवरा’स (१९१६) चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले. ‘एकच प्याला’तील (१९१९) सुधाकर रंगविणारे बोडसही पुढे बाहेर पडले. मालकी व कीर्ती एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटली. भपकेदार नेपथ्य आणि पोशाख यांवरील उधळपट्टीस आवर घालणारा मात्र कोणी उरला नाही.

या स्थित्यंतराची छाया नाटकांच्या विषयांवरही पडलेली दिसते. ‘कान्होपात्रा’ (१९३१) आणि वसंत शांताराम देसाईकृत ‘अमृतसिद्धी’ या दोहोंच्या नायिका भक्त स्त्रिया आहेत; दुसरीची नायिका मीराबाई. रुक्मिणीला कृष्ण हवा, सिंधूला सुधाकर हवा. मीरेचा खरा संवाद मात्र रंगमंचावर नसलेल्या देवाशी चालतो. तुल्यबळ सहनटाची अपेक्षा न करणारे आणि पंचेचाळिशीच्या नटास साजणारे असे हे कथानक होते. जी मंडळी एका गळ्यावर येऊन ठेपली होती, तिला एका गळ्याचे नाटक मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

बोलपटाचा आघात खरा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. फिरत्या मंडळीस धुळ्यास जावयाचे तर नटसंच, वादक, पडदे व सामान यांसह चाळीसगावी मुख्य लोहमार्ग सोडून शाखामार्ग धरावा लागे; बोलपट तेथे चार डब्यांत पोहोचत असे. परंतु १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका मंडळीच्याच एका संस्थापकाने, टेंबे यांनी, केली, ही गोष्ट लक्षणीय आहे. बोलपटाने जे वेचले, ते मंडळीने आधीच गमावले होते.

मंडळी मोडल्यावर बालगंधर्वांनी ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथांची पुरुषभूमिका केली. १९३७ मध्ये मीराबाईचे कथानक ‘साध्वी मीराबाई’ या नावाने पडद्यावर आले. त्यास यश लाभले नाही. मंडळीचे नाव पुढे पुन्हा लावले गेले, परंतु १९१३ ची सहकारी रचना परत आली नाही.

‘अमृतसिद्धी’चे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे. एका कलावंताचे सामर्थ्य आणि एका संस्थेचे दौर्बल्य ही दोन्ही त्या एकाच नाटकात एकत्र पाहावयास मिळतात.